दुसऱ्या चॅनलवरचा श्वास

आमच्या घरात सगळ्यांच्या आधी अण्णांचा आवाज उठायचा, माणूस नंतर. अंथरुणात पडल्यापडल्या ते खाकरायचे, मग ‘शिव शिव’ म्हणायचे, आणि तो आवाज न्हाणीपासून पुढच्या दुकानापर्यंत फिरून यायचा. त्यावर आईची चूल पेटायची, काकूच्या बांगड्या वाजायच्या, शेजारची पिठाची गिरणी सुरू व्हायची. अण्णा माझे थोरले चुलते. मी नऊ वर्षांची असताना माझे वडील गेले आणि आम्ही दोघी मायलेकी अण्णांच्या घरात राहिलो; म्हणजे आई चुलीपाशी राहिली आणि मी जिथे काम निघेल तिथे. घाटनांदूरला स्टेशनच्या रस्त्यावर पुढे किराणा, मागे घर आणि बाजूच्या खोलीत भोंगे, माईक, वायरींची भेंडोळी. लग्नाला, जत्रेला, निवडणुकीला लाउडस्पीकर भाड्याने देणं हा अण्णांचा जोडधंदा होता आणि सोमवारचं भजन हा त्यांचा जीव. सोमवारी मंडळातली दहा-बारा माणसं यायची. आई पाटीभर सुशीला करायची, भिजवलेले मुरमुरे, त्यात शेंगदाणे आणि हिरवी मिरची मोकळ्या हाताने. मंडळी आधी ताटलीकडे बघायची, मग देवाकडे. त्या घराने मला खायला कमी दिलं असं मी म्हणणार नाही. जे दिलं ते दिलं. जे कबूल करून दिलं नाही, त्याचा राग मात्र माझ्या पोटात अजून आहे, आणि तो लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही.

ते मशीन आम्ही परळीला घेतलं. रेल्वेतले एक ड्रायव्हरसाहेब निवृत्त होऊन मुलीकडे निघाले होते आणि घरातलं सामान अंगणात मांडून विकत होते. तरुणपणी सिकंदराबादला ते गिटार वाजवायचे. गिटारची मान मोडलेली होती, पण तिचा ॲम्प्लिफायर शाबूत होता. लोखंडी ट्रंकेएवढा, काळ्या रेक्झिनचा, पुढे राखाडी कापड आणि वर एका ओळीत बटणं. अण्णांना भजनासाठी गोड आवाजाचं मशीन हवं होतं. गिटारचं मशीन वेगळं आणि माणसाच्या गळ्याचं वेगळं, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. बाहेरच्या देशांतल्या बनावटीची हलकी मशिनं तेव्हा नुकती बाजारात यायला लागली होती आणि जुन्या जड सामानाला कोणी विचारत नव्हतं, एवढं मात्र मला कळत होतं. मी सोळा वर्षांची. अण्णा भिडस्त, त्यांचा हात खिशाकडे निघालाही होता. तो मी धरला.

"साहेब, जड हाय लई," मी म्हणाले. "आन् एवढी बटणं. यातली चालत्यात किती?"

"सब चलते, बेटा."

"मग दाखवा की."

तिथे ते चुकले. दाखवायला बसलेला माणूस मनातून विकून मोकळा झालेला असतो. मी तीनदा उठले, तीनदा बसले आणि भाव निम्म्यावर आणला. जमलं असं वाटल्यावर खाली बघितलं तर त्यांच्या पायाशी एक लोखंडी पेडल पडलेलं, लांब वायरीचं. "हे वर द्या," मी म्हणाले. साहेब हसले. मग अण्णांना सोडून त्यांनी मलाच जवळ बसवलं.

"पहले ये खटका. फिर दो मिनट ठैरो, गरम होने दो. फिर ये दुसरा. गरम हुए बगैर इसको नक्को बुलाना."

मशीनच्या पाठीमागे काचेचे व्हॉल्व्ह होते, ते हळूहळू नारिंगी झाले. मग त्यांनी चॅनल समजावले. पहिल्या चॅनलला जे घालाल तेच बाहेर येतं, सरळ. दुसऱ्यावर दोन गोष्टी जास्त. एका बटणाने आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा होतो. आणि दुसरी गोष्ट त्यांनी पेडलची वायर मागे खोचून, पेडल पायाने दाबून दाखवली. मशीनची जी बारीक घरघर असते ती चढायला लागली, उतरायला लागली. चढली, उतरली. समोर गिटार नव्हती, माईक नव्हता, कोणी बोलत नव्हतं.

"ये इसकी साँस है," साहेब म्हणाले. "पेडल नहीं तो साँस नहीं. याद रखना."

अण्णांनी पागोट्याला हात लावला. मी लक्षात ठेवलं.

मशीनवरची इंग्रजी अक्षरं पुसत आली होती, आणि असती तरी भजनाच्या गडबडीत ती कोण वाचणार. मी माझ्या खुणा केल्या. जिथे बटण ठेवायचं तिथे विभूतीचं बोट, ज्याच्या पुढे न्यायचं नाही तिथे कुंकू, आणि दुसऱ्या चॅनलच्या श्वासाला काजळ. विभूती पुसली जायची, म्हणून दर सोमवारी आंघोळ झाली की देवासमोरची चिमूट घेऊन मी आधी स्वतःच्या कपाळाला आणि मग मशीनला लावायचे. काकू म्हणायची, "याला बी एक बेलाचं पान वाह." ती चेष्टा करायची, पण एका सोमवारी बेलाचं पान मला खरंच मशीनवर सापडलं. अण्णांचा माईक नेहमी दुसऱ्या चॅनलला, बाकी मंडळाचा पहिल्याला. धर्मापुरीच्या जुन्या देवळात आत तोंड करून हाक मारली की दगड ती जशी थोडी उशिरा परत करतो, तसा अण्णांचा आवाज व्हायला लागला. गावोगावी नाव झालं. पार पाटोद्याकडून बोलावणं आलं. मी पडद्यामागे बसून बटणं सांभाळायचे. कोणी विचारलं, "आतमंदी कोन हाय?" तर अण्णा म्हणायचे, "घरची पोरगी. खटके दाबती." चार वर्षं मी खटके दाबले.

शेवटच्या आरतीनंतर सगळे गप्प झाले की अण्णा पडद्याकडे मान हलवायचे. मग मी पेडल दाबायचे. रिकाम्या शांततेत मशीन श्वास घ्यायला लागायचं आणि लोक हात जोडायचे. बायका पोरांना जवळ ओढायच्या. मला ते आवडत नसे. भर दुपारी, बाजूच्या खोलीत मी एकटी ते तपासायला बसले की थोड्या वेळाने ध्यानात यायचं, माझा श्वास मशीनच्या श्वासाबरोबर चाललाय. मी मुद्दाम लवकर श्वास घेऊन बघायचे, पुढे जायचे. दहा-बारा श्वासांत पुन्हा त्याच्याबरोबर यायचे. खोली तापलेली, वायरींचा जळका वास, गिरणी बंद, आणि ते आपलं निवांत, झोपलेल्या माणसासारखं. आजवर मी शंभर मशिनं हाताळली आहेत. कोणत्याच मशीनने मला असं ओढलं नाही.

अण्णांनी मंडळासमोर शब्द दिला होता की लाउडस्पीकरचा धंदा गिरजाचा. गिरजा म्हणजे मी. शब्द दिला तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या, आईने साखर वाटली. मी वीस वर्षांची झाले आणि अण्णांचे जावई परळीहून येऊन राहिले. हातात कुठलं काम टिकत नसे, पण केसांना तेल चांगलं लावायचे. महिन्याभरात भोंगे, माईक, वायरी सगळं जावईबापूंच्या नावाने बोललं जाऊ लागलं. मला कोणी सांगितलंसुद्धा नाही. ज्वारी निवडत होते तिथून मी सूप हातात घेऊनच अण्णांसमोर गेले.

"शब्द दिलता तुमी."

"दिलता. पोरगी उद्या दुसऱ्याच्या घरी जानार. मशीन काय हुंड्यात देऊ?"

"भोंगे ठेवा तुमचे. ते मशीन माझं हाय. भाव मी केला, पेडल मी वर मागून घेतलं, चार वर्षं मी चालवलं. कावून द्यायचं त्यानला?"

"आवाज खाली."

"खालीच हाय. पहिल्या चॅनलवर बोलायलेय अजून."

जावईबापू हसले आणि ते हसणं अण्णांना लागलं. त्यांनी पेडल उचललं, वायर गुंडाळली, स्वतःच्या कपाटात टाकून कुलूप लावलं आणि किल्ली काकूच्या हातात दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या अंगात श्वास हाय तवर त्या मशीनला तुझा हात लागनार न्हाई."

"बरं," मी म्हणाले, "मग वाट बघते."

चुलीपाशी आईच्या हातातली भाकरी खाली पडली. ते वाक्य मी परत घेऊ शकले असते. सौद्यात मागे येता येतं, मी कितीदा आले आहे. त्या दिवशी नाही आले. दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः ते मशीन घेऊन परळीच्या एका मिस्त्रीकडे गेले, घरघर जास्त येते म्हणून. दोन दिवसांनी परत आणलं. मिस्त्रीने काय केलं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्ही बोलत नव्हतो.

पुढच्या सोमवारच्या आत, एका सकाळी, घरात काहीच उठलं नाही. खाकरणं नाही, शिव शिव नाही. मी अंथरुणात पडून वाट बघत राहिले. शेवटी काकूची हाक आली. अण्णा न्हाणीत भिंतीला टेकून बसले होते. डॉक्टर आले, नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, मान हलवली आणि आठच्या एसटीने अंबाजोगाईला निघून गेले.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात, आणि बसवून पुरतात. अंग कडक व्हायच्या आत मांडी घालून बसवावं लागतं. अण्णांना आंघोळ घातली, कपाळावर, दंडांवर विभूतीचे पट्टे ओढले, पागोटं बांधलं आणि लाकडी विमानात, म्हणजे फुलांनी सजवलेल्या आसनात, ओसरीवर बसवलं. पाठीला आणि मानेला फळी, त्यामुळे ते ताठ होते. दर सोमवारी बसायचे त्याच जागी, तसेच. जागेवर कोण बसणार हा प्रश्नच नव्हता. मंडळातले म्हातारे बसाप्पा माझ्याकडे आले. "गिरजा, तुझ्याबिगर कोन लावनार. लाव बाई. राग नंतर कर."

मी मशीन लावलं. मंडळाचा माईक पहिल्याला. अण्णांचा माईक उचलला तेव्हा बसाप्पा म्हणाले, "त्यांच्याच म्होरं ऱ्हाऊ दे. सवयीचा हाय." मी तो स्टँडवर चढवून त्यांच्या तोंडासमोर ठेवला आणि हाताला सवय असल्याप्रमाणे वायर दुसऱ्या चॅनलला खोचली. लाईट नव्हती. परळीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर दिसतो एवढ्या अंतरावर राहून आमच्याकडे रोज लाईट जायची, त्याचं कोणाला नवल नव्हतं. मी दोन्ही खटके लावून ठेवले आणि भजन तसंच, उघड्या गळ्याने सुरू झालं.

दुपार झाली. खड्डा तयार असल्याचा निरोप आला. भजन दोन पदांच्या मध्ये थांबलं होतं. लाईट आली ती कोणाला कळलीच नाही, फक्त वरचा पंखा हलला. ती दोन मिनिटं कशी गेली तेही कोणाला कळलं नाही. मग ओसरीभर श्वास ऐकू आला.

चढला, उतरला. चढला, उतरला. विहिरीतून आल्यासारखा. टाळ धरलेले हात तसेच राहिले. अण्णा विमानात ताठ बसलेले, तोंडासमोर माईक, पागोट्यातली शेवंती पंख्याने हलतेय.

काकू उठली. तिने हाक मारली नाही, ती रडली नाही. "ते हायत," एवढंच म्हणाली.

स्वामी, म्हणजे विधीला बोलावलेले जंगम, पुढे झाले. त्यांनी अण्णांच्या नाकाखाली हात धरला, बराच वेळ. "न्हाई, माय."

"मशीनला ऐकू येतंय, आन् तुमच्या हाताला न्हाई कळत?"

स्वामींनी निरांजनासाठी वळून ठेवलेली कापसाची कोरी वात घेऊन पिंजली आणि नाकपुडीपाशी धरली. कापूस थरथरला. सगळी ओसरी पुढे सरकली.

"पंखा हाय वर," बसाप्पा म्हणाले. "पंखा बंद करा आधी."

कोणीतरी बटण दाबलं. जुना पंखा, तो लगेच थांबत नसे. गरगरत, कुरकुरत मंद व्हायचा. सगळे वर बघत होते. काकू माझ्याकडे बघत होती. "गिरजे, तुला कळतं. खरं सांग. आवाज त्यांचा हाय का मशीनचा?"

मी तोंड उघडायच्या आत जावईबापू बोलले. "त्या पोरीला काय इचारता? बाईमानसाला मशीनमधलं काय कळतंय. खटके दाबती फक्त."

मला तो आवाज अजून ऐकू येतो, तेल लावलेला. आणि माझ्या कानशिलात चार वर्षं एकदम चढली. पंखा थांबायला अजून एवढासा वेळ होता, सात-आठ फेऱ्या. मी थांबले नाही.

"मला कळतं," मी म्हणाले. "मशीनचा हाय. दुसऱ्या चॅनलची खोड हाय ती. बघा." आणि मी दुसऱ्या चॅनलचं आवाजाचं बटण विभूतीच्या खुणेवरून मागे, शून्यावर आणलं.

श्वास थांबला. म्हणजे बटण शून्यावर आल्यावर आणखी एक आला, लहान, आणि मग थांबला. जुन्या मशीनमध्ये वीज थोडा वेळ साठून राहते, हे मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं.

ओसरीने सुटकेचा उसासा टाकला. माणसं मागे सरकली, कोणी डोळे पुसले, कोणी हसलंसुद्धा. पंखा थांबला तेव्हा स्वामींनी वात केव्हाच खाली ठेवली होती. पुन्हा ती कोणी उचलली नाही. मी मशीन जाणते, मी सांगितलं होतं. चार खांद्यांनी विमान उचललं. अण्णा माणसांच्या डोक्यांवरून, बसलेले, मान किंचित डुलवत स्टेशनच्या रस्त्याने गेले, भजन चालू असताना डुलवायचे तशी. खड्ड्यात बेलपानं, मीठ आणि विभूती टाकून मग माती टाकतात. पुरुष परत आले, दारात पाय धुतले, आत आले. आईने कढी आणि भात केला होता. कोणाला जेवण कमी पडलं नाही.

मशीन आवरायला मी बाजूच्या खोलीत गेले. सवयीने पेडलची वायर काढायला मागे हात घातला. तिथे वायर नव्हती. भोक रिकामं होतं. पेडल अण्णांच्या कपाटात होतं, कुलुपात, माझ्याच डोळ्यांदेखत ठेवलेलं. पेडल नाही तर श्वास नाही. चार वर्षांत एकदाही पेडलशिवाय ते चाललं नव्हतं, आणि ओसरीवर मी हे विसरले होते, कारण मला जावईबापूंना दाखवायचं होतं.

तिसऱ्या दिवशी काकूने कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि पेडल माझ्या मांडीवर आणून ठेवलं. जावईबापू दारात उभे होते. "आमचं हाय ते," ते म्हणाले. काकूने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"घे," ती मला म्हणाली. "त्यांनी सांगितलं हुतं, श्वास हाय तवर न्हाई. आता न्हाई. घे."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडणात मी कोणाला हार जात नाही. त्यानंतर ती बारा वर्षं जगली, माझ्या लग्नात तिने मला हळद लावली, पण माझ्याशी बोलताना ती पहिल्यांदा माझ्या हातांकडे बघायची.

भोंगे आणि धंदा जावईबापूंनी दोन वर्षांत संपवला. मी ते एक मशीन घेऊन अंबाजोगाईला आले आणि त्याच्यावर दुकान उभं केलं. आधी भाड्याचं, मग जुनं सामान घ्यायचं, दुरुस्त करायचं, विकायचं. लोक म्हणतात, बाई लई चिवट आहे, झाकण उघडून, वायर ओढून, वास घेतल्याशिवाय हातात रुपया ठेवत नाही. खरं आहे. अण्णांवरचा रागही मी अजून सोडलेला नाही. दिलेला शब्द मोडला तो मोडला, मेल्याने तो जुळत नाही. परळीचा तो मिस्त्री पुढे दहा-अकरा वर्षं होता. त्याच्याकडून मी सामान घेतलं, भावावरून त्याच्याशी कडाकडा भांडले, त्याच्या दुकानात चहा प्याले. त्या दोन दिवसांत त्याने आत एखादी वायर जोडली असेल, पेडलशिवाय श्वास चालावा म्हणून अण्णांनीच ती जोडून घेतली असेल, तर सगळा हिशेब सरळ आहे. एक प्रश्न विचारायचा होता. तो गेला तेव्हा मी त्याच्या मातीला गेले आणि विचारलं नाही.

मशीन माझ्या दुकानात मागच्या फळीवर आहे. पेडल त्याच्यावर ठेवलेलं. मध्यंतरी पुण्याहून एक जण आला, अशी व्हॉल्व्हची जुनी मशिनं शोधत फिरणारा. त्याने सांगितलेला भाव ऐकून माझा मुलगा खुर्चीतून उठला. "मागचं झाकण फक्त उघडून बघतो," तो माणूस म्हणाला, "चार स्क्रू आहेत, दोन मिनिटांचं काम. आत कोणी हात घातलाय का ते लगेच कळतं." त्याने पेचकस काढलाही होता. मी त्याच्या मनगटाला धरलं, परळीला अण्णांचं धरलं होतं तसं, आणि त्याला सांगितलं की हे विकायचं नाही, आणि उघडायचंही नाही.